चित्र काचेवर पुरे होत असे
(प्रस्तावना)

जुन्या व्हिडिओ गेमचे रूप पुन्हा उभे करायचे म्हटले की आज बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट केली जाते. धारदार कडांचे, काटकोनी, रंगीत चौकोन एकाशेजारी एक मांडले जातात आणि त्याला 'रेट्रो' म्हटले जाते. मोबाइलवरच्या गेममध्ये, टी-शर्टवर, जाहिरातींत हेच चौकोन दिसतात. या शैलीत काही उत्तम काम झालेले आहे आणि ती आता स्वतःच्या पायांवर उभी आहे, याबद्दल वाद नाही. पण १९९० च्या दशकात टीव्हीसमोर बसून मारिओ, कॉन्ट्रा किंवा रणगाड्यांचा खेळ खेळणाऱ्या कोणालाही असे चौकोन दिसलेले नाहीत. त्यांना दिसले ते कडा विरघळलेले, किंचित थरथरणारे, आतून उजळलेले चित्र. त्या चित्राचा एक भाग कन्सोलमधल्या चिपने केलेला होता, दुसरा भाग अँटेनाच्या तारेतून जाणाऱ्या सिग्नलने, आणि तिसरा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबने. यातले शेवटचे दोन भाग देशागणिक बदलत, आणि पुष्कळदा चिपही बदलत असे. म्हणूनच या पानांत मांडायचे म्हणणे असे आहे की भारतातल्या घरांत दिसलेले व्हिडिओ गेमचे चित्र हे जपानी किंवा अमेरिकी चित्राहून मोजता येईल इतके वेगळे होते. त्याची पुनर्निर्मिती करायची तर ते वेगळेपण आधी मोजून, नोंदवून घ्यावे लागेल. परदेशी घरांतल्या आठवणींवर बेतलेल्या तयार सेटिंग वापरून आपण आपला इतिहास जपत नसतो, दुसऱ्याचा जपत असतो.

सुरुवात चिपपासून करावी लागेल, कारण सगळ्यांना परिचित असलेला भाग तोच. निन्तेन्दोचा फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. त्याचे चित्र २५६ पिक्सेल रुंद आणि २४० ओळी उंच. पार्श्वभूमीच्या दर १६ गुणिले १६ पिक्सेलच्या तुकड्याला तीन रंग आणि एक सामाईक रंग एवढीच मुभा होती. एका आडव्या ओळीत आठच हलत्या आकृत्या मावत. नववी आली की ती त्या ओळीत दिसेनाशी होई. म्हणून प्रोग्रामर आकृत्यांचा क्रम दर फ्रेमला बदलत, आणि कॉन्ट्रात गोळ्यांचा मारा वाढला की सगळे लुकलुकू लागे. हे नियम आज कोणत्याही हौशी चित्रकाराला तोंडपाठ असतात. ज्याकडे कमी लक्ष जाते ती गोष्ट रंगांची आहे. या चिपमध्ये लाल, हिरवा, निळा असे आकडे साठवलेले नव्हतेच. चिप थेट टीव्हीला कळणारा सिग्नल तयार करी. दोन व्होल्टेजमध्ये वरखाली होणारी एक चौकोनी लहर, आणि त्या लहरीची वेळ किती पुढेमागे आहे त्यावरून रंग. तो रंग डोळ्यांना नेमका कसा दिसेल हे टीव्ही संचातले मंडल ठरवत असे. त्यामुळे 'मारिओच्या टोपीचा खरा लाल कोणता' या प्रश्नाला चिप उत्तर देऊ शकत नाही. एम्युलेटर (जुन्या यंत्राची सॉफ्टवेअरमधली नक्कल) बनवणाऱ्यांच्या जगात एकाच कन्सोलसाठी डझनावारी रंगपट फिरत असतात. त्यामागे कोणाची बेपर्वाई नाही. प्रत्येक रंगपट कोणत्या तरी टीव्हीविषयीचे एक गृहीतक आहे.

पिक्चर ट्यूबचे काम याहून मोठे. ट्यूबच्या मानेतून निघालेला इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या फॉस्फरवर डावीकडून उजवीकडे, वरून खाली ओळी ओढत जातो. प्रक्षेपणाच्या चित्रात सम आणि विषम ओळी आळीपाळीने येतात. कन्सोल मात्र दर वेळी त्याच ओळींवर पुन्हा चित्र काढी, आणि मधल्या ओळी रिकाम्या राहत. त्या रिकाम्या जागा म्हणजेच आज नक्कल केल्या जाणाऱ्या काळ्या आडव्या रेघा. पण बहुतेक नकलांमध्ये सर्व रेघा सारख्याच जाडीच्या काढतात, आणि तिथेच चूक होते. उजळ भागात झोत फुगतो आणि शेजारच्या ओळीला जाऊन भिडतो. गडद भागात तो बारीक राहतो. पांढऱ्या ढगात रेघा जवळपास दिसत नाहीत आणि गडद निळ्या गुहेत त्या उठून दिसतात. चित्राचा उजेड आणि त्याचा पोत असे एकमेकांत गुंतलेले होते. त्यावर रंगीत ट्यूबमध्ये काचेमागे धातूची जाळी. सोनीच्या १९६८ च्या ट्रिनिट्रॉनमध्ये ताणलेल्या उभ्या तारा, इतर टीव्ही ट्यूबमध्ये बहुधा उभ्या खाचा. कन्सोलचा एक पिक्सेल त्या खाचांनी आखलेल्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांच्या अनेक त्रिकुटांवर पसरे, आणि त्रिकुटांच्या सीमा पिक्सेलच्या सीमांशी जुळत नसत. त्यामुळे तिरकी रेघ पायऱ्यांसारखी न दिसता तिरकीच दिसे.

हे सारे नशिबाने घडत होते, चित्रकारांना त्याची जाणीव नव्हती, असे कोणी म्हणेल. पुरावा उलट सांगतो. सेगाच्या मेगा ड्राइव्हवर १९९१ साली आलेल्या 'सॉनिक द हेजहॉग'मध्ये धबधबे आहेत. आजच्या पडद्यावर पाहिले तर ते उभ्या पट्ट्यांचे कुंपण दिसते: एक पट्टी पाण्याच्या रंगाची, एक रिकामी. मेगा ड्राइव्हला अर्धपारदर्शक रंग काढता येत नव्हता आणि ५१२ पैकी ६४ रंगच एका वेळी घेता येत होते. पण उजेड आणि रंग एकाच तारेतून नेणाऱ्या कॉम्पोझिट सिग्नलला इतक्या बारीक पट्ट्या वेगळ्या ठेवता येत नाहीत. त्या एकमेकींत मिसळतात, आणि पट्ट्यांच्या जागी मागचा डोंगर दिसणारे पाणी उभे राहते. पारदर्शकता चिपमध्ये नव्हती, ती तारेत होती, आणि चित्रकाराने ती तारेकडून करवून घेतली. त्याहीआधीच्या, १९७७ च्या अटारी २६०० कडे तर पूर्ण चित्र साठवायला जागाच नव्हती. प्रोग्रामरला झोताच्या पुढे पुढे धावत ओळीओळीने चित्र रचावे लागे. म्हणूनच २००९ साली जॉर्जिया टेक विद्यापीठात इयन बोगोस्ट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अटारीच्या एम्युलेटरला जुन्या टीव्हीचे वागणे जोडले, तेव्हा ते सजावट करत नव्हते. गेमचा राहून गेलेला अर्धा भाग परत आणत होते.

इथवरची मांडणी जगात इतरत्रही केली गेली आहे. आता भारताकडे येऊ, कारण या विषयाचा आपला असा भाग इथे सुरू होतो. दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झाले ते पॅल पद्धतीने: ६२५ ओळी, सेकंदाला ५० क्षेत्रे (क्षेत्र म्हणजे सम किंवा विषम ओळींचे अर्धे चित्र). जपान आणि अमेरिका एनटीएससी पद्धतीचे: ५२५ ओळी, सेकंदाला जवळपास ६०. मध्यमवर्गीय मराठी घरांत आलेला 'व्हिडिओ गेम' म्हणजे बहुतांशी फॅमिकॉमची नक्कल असलेले यंत्र होते. वर खोचायची कॅसेट, तारेचे दोन रिमोट, आणि मागून निघून टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात जाणारी वायर. जपानी चिप जशीच्या तशी पॅल टीव्हीवर चालत नाही. निन्तेन्दोने युरोपसाठी वेगळी चिप केली. नकली यंत्रांसाठी तैवानच्या यूएमसी या कंपनीने स्वतःची पॅल चिप काढली आणि तिच्यात एक अतिशय हुशार तडजोड केली. निन्तेन्दोच्या युरोपीय यंत्रात प्रोसेसरचा वेग १.६६ मेगाहर्ट्झपर्यंत उतरला होता. यूएमसीने तो १.७७ वर ठेवला, म्हणजे जपानी यंत्राच्या १.७९ च्या अगदी जवळ, आणि फ्रेमच्या शेवटी पन्नासेक रिकाम्या ओळींचा थांबा घातला. त्यामुळे जपानी बाजारासाठी लिहिलेल्या कॅसेट न अडखळता चालल्या. मात्र सेकंदाला ६० ऐवजी ५० फ्रेम. खेळाची गती सुमारे सतरा टक्क्यांनी मंदावली, पण आवाजाचा स्वर जवळपास जागेवर राहिला. लाखेची जुनी तबकडी चुकीच्या वेगाने लावली तर लय आणि पट्टी दोन्ही बिघडतात. इथे पट्टी राहिली आणि फक्त लय उतरली. ज्यांनी अशा यंत्रावर मारिओ खेळला त्यांच्या दृष्टीने मारिओची उडी थोडी संथ, थोडी तरंगती होती. ती संथ उडी हीदेखील दृश्यरूपाचाच भाग आहे, कारण हालचाल डोळ्यांनीच पाहिली जाते.

फरक गतीपुरता थांबत नाही, तो आकाराचाही आहे, आणि इथे साधे गणित पुरते. एनटीएससी फॅमिकॉमच्या पिक्सेलची रुंदी आणि उंची यांचे गुणोत्तर ८:७, म्हणजे १.१४ च्या आसपास. पॅल चिपमध्ये तेच १.३९ च्या जवळ जाते. २५६ गुणिले २४० चे चित्र अमेरिकी टीव्हीवर १.२२ : १ या आकाराचे दिसे, पॅल टीव्हीवर ते १.४८ : १. तीच कॅसेट, तेच आकडे, आणि पात्रे सुमारे एक पंचमांश जास्त रुंद. पॅलच्या दर क्षेत्रात दिसणाऱ्या २८८ ओळींपैकी गेम २४०च वापरी, म्हणून वर आणि खाली काळी पट्टी उरे. संचाच्या चौकटीखाली तिचा काही भाग झाकला जाई. मूळ चित्रकाराने गोल काढलेले नाणे आपल्याकडे बसके दिसत होते. हे योग्य होते की अयोग्य, हा या पुस्तकाचा प्रश्न नाही. ते तसे दिसत होते, आणि पुनर्निर्मितीत ते तसे दिसायला हवे, किंवा निदान तसे दाखवण्याची सोय असायला हवी. आज मेसेन किंवा एफसीईयूएक्स या एम्युलेटरमध्ये या पद्धतीचा पर्याय आहे, पण त्याचे नाव 'डेंडी'. रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या अशाच नकली यंत्राचे ते नाव. रशियन हौशी मंडळींनी आपल्या यंत्रांची मोजमापे घेतली, लिहून ठेवली, म्हणून तो पर्याय अस्तित्वात आला आणि त्यांच्या नावाने राहिला. तेच यंत्र कोट्यवधींच्या देशात दुसऱ्या नावांनी विकले गेले, आणि त्याची नोंद आपण केली नाही. खंत वाटावी अशीच ही गोष्ट आहे.

सिग्नलचा वाटाही निराळा. एनटीएससीमध्ये रंगाची छटा वाटेत सरकू शकते, म्हणून अमेरिकी टीव्हीवर छटा जुळवायचे बटण असे. पॅलमध्ये लागोपाठच्या दोन ओळींची सरासरी घेऊन ही चूक खोडली जाते. छटा टिकते, पण रंगाचा तपशील उभ्या दिशेने सौम्य होतो आणि एका ओळीचा रंग खालच्या ओळीत उतरतो. रंगवाहक लहरीही वेगळ्या: तिकडे ३.५८ मेगाहर्ट्झ, इकडे ४.४३. त्यामुळे रंगांच्या सीमेवर सरकणाऱ्या ठिपक्यांची नक्षी दोन्हीकडे भिन्न. ब्लार्ग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रामरचा प्रसिद्ध फिल्टर एनटीएससीची नक्षी फार सुंदर उभी करतो, पण ती नक्षी पुण्यात, नागपुरात किंवा दिल्लीत कोणी पाहिलेली नाही. शिवाय आपल्याकडे कित्येक संचांना वेगळे व्हिडिओचे भोकच नसे. चित्र आणि आवाज दोन्ही अँटेनाच्या वाटेने जात. चॅनेल नीट लागला नाही तर पडद्यावर मुंग्या, गेमच्या संगीताबरोबर थरथरणारे पट्टे, आणि वीज कमी दाबाने आली की आत आक्रसणारे चित्र. स्टॅबिलायझर हा त्या काळी टीव्हीइतकाच महत्त्वाचा डबा होता, आणि चित्राच्या आकाराचा इतिहास लिहिताना त्याला वगळता येणार नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहिलेली बाब मात्र कृष्णधवल संचांची. १९९० च्या दशकात भारतीय घरांत असे संच मोठ्या संख्येने होते, आणि व्हिडिओ गेम त्यांनाही जोडला जाई. वर सांगितल्याप्रमाणे फॅमिकॉमची चिप रंग लहरीच्या वेळेवरून ठरवते. तिचे रंग उजेडाच्या चार पायऱ्यांवर बसवलेले आहेत, आणि एका पायरीवरच्या सर्व छटांचा सरासरी उजेड जवळजवळ सारखा असतो. रंगीत संचावर याने काही बिघडत नाही. कृष्णधवल संचावर मात्र त्या साऱ्या छटा एकाच राखाडीत जातात. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये मारिओची लाल टोपी आणि त्याचा तपकिरी शर्ट एकाच पायरीवर आहेत. त्याच्या चेहऱ्याचा नारिंगी आणि मागच्या आकाशाचा निळा हेही एकाच पायरीवर. म्हणजे कृष्णधवल संचावर मारिओचा चेहरा आकाशात जवळपास विरून जाई, आणि दिसे ती टोपी, अंगरखा आणि हालचाल. काही संचांवर रंगवाहक लहर पूर्ण गाळली जात नसे. मग तिचे बारीक ठिपके रंगाच्या जागी राहत आणि लाल व तपकिरी यांच्यात पोताचा हलकासा फरक उरे. आजच्या एम्युलेटरमध्ये 'ब्लॅक अँड व्हाइट' असा पर्याय निवडला तर सहसा तयार रंगपटाचे राखाडी रूपांतर मिळते, आणि हे विरघळणे किंवा हे ठिपके हाती लागतीलच याचा भरवसा नसतो. लाखो मुलांनी ज्या रूपात हा खेळ पाहिला असेल, त्या रूपाची प्रामाणिक प्रतिकृती करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड मुळीच नाही; ते करावे असे कोणाला वाटले नाही, एवढेच.

या चित्रांच्या काचा कुठून येत होत्या? महाराष्ट्रात व्हिडिओकॉनचे नाव घरोघरी होते आणि तेव्हाच्या औरंगाबादेजवळ चितेगावला त्यांचा मोठा कारखाना होता. पण टीव्ही संच जुळवणे वेगळे आणि पिक्चर ट्यूब बनवणे वेगळे. ट्यूबचा धंदा देशात मोजक्या जागी होता, आणि त्यातली एक ठळक जागा दिल्लीला लागून असलेले गाझियाबाद. सतीश कौरा यांच्या सॅमटेल समूहाने आधी कृष्णधवल आणि मग रंगीत ट्यूब बनवल्या. रंगीत ट्यूबचा कारखाना गाझियाबाद-बुलंदशहर रस्त्यावर छपरौल्याला होता. ट्यूबच्या काचेसाठी अमेरिकेच्या कॉर्निंगबरोबर भागीदारी करून राजस्थानात कोट्याला कारखाना उभा राहिला. मराठी वाचकाला हे परप्रांताचे वर्णन वाटू शकेल, पण ट्यूब मोजक्या ठिकाणी बनत असल्यामुळे संचावरचे नाव आणि काचेवरचे नाव एक असेलच असे नसे. सपाट पडदे आले तेव्हा या उद्योगाचा अंदाज चुकला. व्हिडिओकॉनने २००५ साली फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत जगभर ट्यूबची मागणी कोसळली. छपरौल्यातले रंगीत ट्यूबचे कामही २०१० नंतरच्या काही वर्षांत थांबले. सॅमटेलचे उरलेले कौशल्य लढाऊ विमानांच्या कॉकपिटमधल्या पडद्यांकडे वळले. हिंदुस्तान एरोनॉटिक्सबरोबरच्या त्यांच्या कंपनीने सुखोई-३० साठी असे पडदे केले.

त्याच गाझियाबाद जिल्ह्यात लोणी आहे. मोडीत काढलेल्या विद्युत वस्तूंच्या असंघटित धंद्यासाठी ते नाव गेली कित्येक वर्षे बातम्यांत येते. पिक्चर ट्यूबच्या मागच्या, नरसाळ्याच्या आकाराच्या काचेत क्ष-किरण अडवण्यासाठी शिसे घातलेले असते, साधारण पाचव्या हिश्शाइतके. तांबे काढण्यासाठी ट्यूब फोडली की ते शिसे काचेच्या चुऱ्यात मातीवर येते. एका बाजूला ट्यूब जन्माला घालणारा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला ती फोडणारी वस्ती, हे एकाच परिसरात घडले. म्हणून 'जुने टीव्हीच जपून ठेवा, नकला कशाला करता' या आक्षेपाचे उत्तर या परिसरातच मिळते. जुने टीव्ही जरूर जपावेत; ते मोजमापाचा आधार आहेत. पण ट्यूबचे कॅथोड झिजते, फॉस्फर मंदावतो, नवी ट्यूब देणारे कारखाने उरलेले नाहीत, आणि जुन्या ट्यूबमध्ये नवी इलेक्ट्रॉन गन बसवून देणारे कारागीरही दुर्मीळ होत चालले आहेत. प्रत्येक घराने विषारी काचेचा एक जड डबा सांभाळावा असे कोणी म्हणू नये. मोजून केलेली नक्कल हाच टिकाऊ मार्ग आहे, आणि मोजण्यासाठी संच चालू अवस्थेत असण्याचा काळ आता फार उरलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: प्रत्येक टीव्ही वेगळा होता, प्रत्येक घराने ब्राइटनेस वेगळा ठेवला होता, मग 'खरे' रूप कोणते? हे खरेच आहे, आणि जो कोणी एकच अचूक रूप असल्याचा दावा करतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण विविधता असणे म्हणजे काहीही चालणे नव्हे. ५० क्षेत्रे, ६२५ ओळी, ४.४३ मेगाहर्ट्झ, पिक्सेलचे गुणोत्तर या गोष्टी घराघरांत बदलत नव्हत्या. ब्राइटनेस, रंगाची तीव्रता, सिग्नलची स्वच्छता या बदलत होत्या, तरी एका पट्ट्यातच. पहिल्या गटाचे आकडे पक्के धरावेत आणि दुसऱ्या गटासाठी खेळणाऱ्याच्या हाती बटणे द्यावीत, जशी ती टीव्हीवरही होती. हेच सर्वांत प्रामाणिक उत्तर मला वाटते.

तिसरा आक्षेप असा की ही यंत्रे नकली होती, कॅसेट चोरीच्या होत्या, त्यांच्या रूपाचा एवढा अभ्यास कशाला? कायद्याची बाजू स्पष्ट आहे आणि इथे तिची वकिली करायची नाही. पण लोकांनी काय पाहिले याचा इतिहास परवान्यावर अवलंबून नसतो. मेगा ड्राइव्ह शॉ वॉलेस या कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यावर भारतात अधिकृतपणे आणला होता, तरी आपल्याकडच्या बालपणांवर ठसा उमटला तो स्वस्त नकली यंत्रांचाच. चित्राचा इतिहास लिहिताना फक्त पावती असलेल्या वस्तू मोजल्या तर भारताचे पान जवळपास कोरे राहील.

नव्या गेमची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तिथे मी अधिक सैल भूमिका घेतो. यॉट क्लब गेम्सच्या २०१४ च्या 'शव्हल नाइट'ने निन्तेन्दोच्या जुन्या यंत्राचे रूप घेतले आणि जाणूनबुजून मोडलेही: पडदा रुंद केला, आकृत्यांचे लुकलुकणे काढून टाकले, रंगपटात नसलेले थोडे रंग घेतले. कोणता नियम पाळला आणि कोणता का मोडला हे त्यांनी उघडपणे लिहून ठेवले. अशी जाण असली की सूट घेण्याचा अधिकारही मिळतो. अलीकडे १९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनचे रूप नव्या भयकथांच्या गेममध्ये फार वापरले जाते. त्यातल्या भिंती डळमळतात, फरशीच्या रेघा वाकतात. याचे कारण नेमके आहे: ते यंत्र त्रिकोणांचे कोपरे पूर्ण पिक्सेलवरच ठेवत असे, आणि पोत चिकटवताना खोलीचा हिशेब धरत नसे. कारण समजून केलेले डळमळणे आणि नुसता धुरकटपणा लावून केलेले डळमळणे यांतला फरक खेळणाऱ्याला नाव देता आले नाही तरी जाणवतो. रंग कमी असल्याने प्लेस्टेशन ठिपक्यांची जी जाळी मिसळत असे, ती ट्यूबवर मऊ होऊन जाई. आजच्या पडद्यावर ती वाळूसारखी दिसते. म्हणजे इथेही काच वगळून चालत नाही.

उलट बाजूचा एक मुद्दा मान्यच करायला हवा. ट्यूबची नक्कल सगळीकडे लावणे ही तितकीच मोठी चूक आहे. १९८९ चा गेम बॉय १६० गुणिले १४४ पिक्सेलचा, चार छटांचा, हिरवट द्रवस्फटिक पडद्याचा. त्यावर आडव्या रेघा कधीच नव्हत्या. होती ती हलत्या वस्तूमागे रेंगाळणारी सावली. हातातल्या यंत्रांचे पिक्सेल खरोखर वेगवेगळे दिसत. चौकोनांची शैली ज्यांना प्रिय आहे त्यांचा खरा पूर्वज तिथे आहे.

आता साधनांची स्थिती. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ट्यूबची जाळी नीट दाखवणे शक्यच नव्हते, कारण पडद्याकडे तेवढे पिक्सेल नव्हते. कन्सोलच्या एका ओळीसाठी चार-पाच ओळी मिळाल्या तर झोताची जाडी कमी-जास्त करता येते. २१६० ओळींच्या पडद्यावर नऊ मिळतात, आणि जाळीच्या खाचाही वेगळ्या काढता येतात. रेघा आणि जाळी यांनी उजेड निम्म्याहून कमी होतो, तो भरून काढायला उजळ पडदा लागतो. आता तेही मिळतात. अडचण राहते ती पुन्हा आपल्याच आकड्याची. बहुतेक मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात. ५० फ्रेमचा गेम त्यावर चालवला तर दर पाचवी फ्रेम दोनदा दिसते आणि मारिओ धावताना अडखळतो. अमेरिकी रूप जपणाऱ्यांना ही अडचण येत नाही, म्हणून तिच्यावर फारसे लिहिलेही गेले नाही. पडदा ५० किंवा १०० वर लावता आला, किंवा गेमच्या गतीशी स्वतःला जुळवून घेणारा असला, तर प्रश्न सुटतो. भारतीय रूपाची पुनर्निर्मिती करू पाहणाऱ्याने पहिली तपासणी हीच करावी. रंग आणि रेघा नंतर.

त्यापुढे करायचे काम मोजणीचे आहे. चालू स्थितीतल्या भारतीय संचांवर ठरावीक रंगांची पाटी लावून प्रत्येक रंग रंगमापकाने टिपणे. पांढरा रंग किती निळसर होता ते पाहणे. काचेचा जवळून फोटो घेऊन जाळीचे अंतर काढणे. ट्यूबच्या मानेवरचे लेबल वाचून कारखाना नोंदवणे. नकली यंत्रे उघडून आतली चिप कोणती ते लिहिणे, कारण शेवटी शेवटी सगळे यंत्र काळ्या ठिपक्याखालच्या एकाच चिपमध्ये आले होते आणि तिचे रंग पुन्हा थोडे वेगळे असू शकतात. यासाठी लागणारी साधने एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहज असतात. संच मिळतील ते दुरुस्तीच्या दुकानांच्या माळ्यावर, तालुक्याच्या गावांतल्या जुन्या घरांत, आणि लोणीसारख्या ठिकाणी जाणाऱ्या ट्रकांत. पुढच्या पानांत एकेका टप्प्याची कृती येते: आधी चिप, मग पॅल सिग्नल, मग रंगीत ट्यूब, आणि शेवटी कृष्णधवल संच, ज्याला मी मुद्दाम पूर्ण प्रकरण दिले आहे.